गडग्यातलं खिंडार

गॉर्टीन, गॉलवे
१४ मार्च १९०९

थेडी,

नऊ वर्षांनी माझं पत्र बघून तुला वाटलं असेल की कोण गेलं. कोणी गेलेलं नाही. आई गेल्यानंतर आपल्याकडचं जाण्यासारखं कोणी उरलेलंच नाही, आणि माझा सासरा ब्याण्णव वर्षांचा झाला तरी शंभरी गाठायच्या बेताने बसला आहे. अजून मला नावाने हाक मारत नाही. कोणी दारात आलं की म्हणतो, "डेलियाचा माणूस गुरांकडे गेलाय." सत्तावीस वर्षं झाली या घरात येऊन. घरजावयाचं नाव लक्षात ठेवायला याहून जास्त वेळ लागत असावा.

कामाचं लिहितो. जुना जमीनदार मेला. त्याच्या पुतण्याला आपल्याकडची हवा सोसत नाही, म्हणून त्याने अख्खी इस्टेट सरकारच्या जमीन आयोगाला विकायला काढली आहे. आयोग ती आम्हा कुळांच्याच नावावर करून देणार. ज्यासाठी बाबा जन्मभर दात-ओठ खात राहिले ते आता टपालाने घरपोच येणार आहे. त्यात एक कलम असं आहे की ज्या कुळांना पूर्वी घराबाहेर काढलं त्यांना त्यांच्या शेताबद्दल आधी विचारायचं. तुझं नाव यादीत आहे. मी डोळ्यांनी वाचलं. "थॅडियस टॅनियन, बेदखल नोव्हेंबर १८८८, घराचं छप्पर उतरवलेलं." बाबांचं घर असं छापील अक्षरात वाचताना कसंसंच झालं.

आता भाऊ म्हणून सांगतो, तू यायचा विचार करत असलास तर करू नकोस. घराच्या चार भिंती उभ्या आहेत, आत खाजऱ्या पाल्याचं रान माजलं आहे. खालच्या शेतात पाणी साचून लव्हाळे आलेत. रॅथच्या त्या जुन्या मातीच्या गोल तटाजवळच्या शेताचं तर नावच काढू नये, माती आंबट झाली आहे. तू तिकडे समुद्रापार तारेच्या कारखान्यात का होईना बसलास, पोटाला आहे. साठीला आलास. सबीना वहिनी गेल्यापासून एकटा आहेस. इथे येऊन पुन्हा नांगर कसला धरतोस?

पण हक्क सोडून दिलास तर शेत परक्याच्या घशात जाईल. म्हणून मास्तरांनी एक मजकूर काढून दिला आहे, तो सोबत आहे. तुझा हक्क माझ्या नावे करतोस एवढंच त्यात आहे. नुसती रीत. सही करून परत पाठव. निरीक्षक उन्हाळ्यात येणार आहे.

हो, तुझ्या शेवटच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं. मार्कस ग्लिनची भाची तिकडे आली, तिने तुला सांगितलं की आपल्या रॅथच्या शेतातलं गवत कापल्यासारखं आखूड दिसतं, आणि तू विचारलंस की तिथे कोण गुरं चारतंय. ससे, थेडी. सशांनी इथे काय उच्छाद मांडलाय याची शहरात बसून कल्पना यायची नाही.

तुझा भाऊ,
बार्टली


गॉर्टीन
२ मे १९०९

थेडी,

तुझं उत्तर नाही. बोटीला उशीर झाला असेल असं धरून चालतो.

इथे तुझ्या शेतावरून धमाल चालली आहे. गेल्या रविवारी मिस्सेची प्रार्थना संपल्यावर फादरनी चॅपेलच्या अंगणात आयोगाची नोटीस वाचून दाखवली. तुझ्या एका शेतावर तीन दावे. एक तुझा, म्हणजे तुझ्या वतीने माझा. दुसरा गावातल्या सात घरांचा, की शेत कोणा एकाला न देता वाटून द्यावं. आणि तिसरा कोणाचा, ओळख. फेस्टस लॅलीचा.

लॅली तुला आठवत असणार, मीच तेव्हा तुला सविस्तर कळवलं होतं. तू गेल्यावर सात वर्षं शेत पडून होतं. तू निघालास त्या दिवशी अख्ख्या गावाने चॅपेलच्या पायरीवर हात ठेवून शपथ घेतली होती की थेडी टॅनियनच्या जमिनीत कोणी पाऊल टाकणार नाही. आणि हा पलीकडच्या खोऱ्यातला माणूस दिवसाढवळ्या जमीनदाराच्या कारभाऱ्याच्या कचेरीत जाऊन करार करून आला. मग गावाने त्याला वाळीत टाकलं. लोहार त्याच्या घोड्याला नाल मारेना. त्याच्या बायकोला कोणी पेरायला बटाटे देईना. पहिल्या रविवारी तो चॅपेलमध्ये येऊन आमच्या बाकावर बसला, तसा मी उठलो. माझ्यामागून बाक रिकामा झाला, मग पुढचा, मग सगळं चॅपेल. तो आणि त्याची बायको दोघंच आत, आणि फादर. एक हिवाळा काढला त्याने, मग गेला. ते सगळं तुझ्यासाठी केलं होतं.

आता चौदा वर्षांनी तो म्हणतो की माझा करार खरा होता, मला दहशतीने हुसकलं, तेव्हा शेत मला द्या.

"लॅली?" होनर क्लोहर्टी म्हणाली. आमच्या घरापलीकडची, सात घरांत तिचं एक आहे. "त्या मेल्याला अजून तोंड आहे होय?"

"तोंड होतंच गं," मार्कस ग्लिन म्हणाला. "आपण फक्त त्यात घालायला काही द्यायचो नाही."

लोक हसले. मार्कस सत्तरीचा झाला, अजून शेतांना दगडी गडगे घालतो, अजून जीभ तशीच. मी म्हणालो, गावाने वाटून घ्यायला हे काही बेवारशी प्रेत नाही, माझ्या भावाचं शेत आहे. त्यावर होनर माझ्याकडे वळली.

"आणि तू रे, डेलियाच्या माणसा? एक शेत बायकोच्या जिवावर मिळालं. दुसरं भावाच्या जिवावर का?"

"मी भावाचं राखलंय," मी म्हणालो. "एकवीस वर्षं."

"राखलंयस खरं," मार्कस म्हणाला. माझ्या तोंडाकडे न बघता तो माझ्या हातांकडे बघत होता. म्हातारा झालाय, कुठेही बघत बसतो.

सही लवकर पाठव.

बार्टली


गॉर्टीन
२० जून १९०९

थेडी,

कागद मिळाला. सही साक्षीदारासह बरोबर आहे.

तुझं पत्र वाचलं. तू लिहितोस, "एकवीस वर्षं तू राखलंस, तेव्हा माझ्यापेक्षा तुझा हक्क मोठा." तसं काही नाही. कोणीही भाऊ करेल तेवढंच केलं.

नऊ वर्षांपूर्वी तसा प्रश्न विचारून तुला दुखावलं म्हणून तू माफी मागतोस, त्याची खरंच गरज नव्हती. मी विसरूनसुद्धा गेलो होतो.

बूट घेतलेस ते मला माहीत नव्हतं. इस्टेटीच्या विक्रीची बातमी तिकडच्या वर्तमानपत्रात वाचून तू चिखलात चालायचे बूट विकत घेतलेस, आणि मग माझं पत्र आलं. ते परत करता येतील का दुकानात? नाही तर कारखान्यात हिवाळ्यात वापर. डेलियाला वाचून दाखवत होतो, बुटांपर्यंत आलो आणि थांबलो. ती म्हणाली, पुढे काय लिहिलंय? मी म्हटलं, एवढंच.

हवा चांगली आहे. बटाटे वर आलेत.

बार्टली


गॉर्टीन
१२ जुलै १९०९

थेडी,

निरीक्षक येऊन गेला. डब्लिनचा तरुण माणूस आहे, चष्मेवाला, सभ्य. सीमा दाखवायला मार्कस बरोबर होता. सगळं ठीक झालं. तीन ऑगस्टला तालुक्याच्या कचेरीत तुझी सही असलेला कागद दिला की काम संपलं. अजून दिलेला नाही एवढंच.

बार्टली


गॉर्टीन
४ ऑगस्ट १९०९

थेडी,

अक्षर फासलेलं दिसेल. हे मी डाव्या हाताने लिहितोय. लहानपणी शाळेत मास्तर माझा डावा हात पाठीमागे बांधून ठेवायचे, तेव्हापासून पत्रं उजव्या हाताने लिहीत आलो. तुला आत्तापर्यंत आलेली सगळी पत्रं त्या शिकवलेल्या हाताची. हे ज्या हाताने मी बाकी सगळं करतो त्या हाताने लिहायचं ठरवलंय. शाईवरून तळवा घासत जातो, जेवढं लागेल तेवढं वाच.

ससे नव्हते. माझी गुरं होती.

तू गेलास त्याच्या पुढच्याच वसंतात एक कालवड अशक्त झाली. सासऱ्याच्या शेतात गवत नव्हतं, आणि गडग्यापलीकडे तुझं रॅथचं शेत गुडघाभर हिरवं उभं होतं. मी गडग्यातले दगड उतरवून खिंडार केलं, तिला आत सोडलं आणि संध्याकाळी काढून घेऊन दगड परत रचले. शपथ घेऊन पाच महिने झाले होते. मनाशी म्हटलं, एका दिवसाचं आहे. दुसऱ्या दिवशी दोन गुरं सोडली. एकवीस वर्षं, थेडी. रोज सकाळी दगड काढायचे, रोज संध्याकाळी लावायचे. गावात कोणी विचारलं की सशांवर ढकलायचं.

जमीन आंबट झालेली नाही. खाली लव्हाळे नाहीत. एकवीस वर्षं तिच्यावर माझ्या गुरांचं शेण पडलंय, सबंध गॉर्टीनमध्ये तसलं गवत नाही. तू येऊ नयेस म्हणून मी खोटं लिहिलं.

मागच्या पत्रात सगळं ठीक झालं असं लिहिलं होतं. काय झालं ते सांगतो. निरीक्षक, मार्कस आणि मी सीमेवरून चालत होतो, मागे होनर आणि सात घरांतली माणसं. त्या खिंडारापाशी मार्कस थांबला. अख्ख्या गडग्यावर दगडफूल चढलंय, करडं, पांढरं, पन्नास वर्षांचं. आणि मधोमध दाराएवढ्या जागेतले दगड लख्ख. हात लागून लागून कडा गुळगुळीत झाल्यात. निरीक्षकाला त्यात काही दिसलं नाही, त्याला गडगा म्हणजे गडगा. पण मार्कसला आणखीही दिसलं. उजव्या हाताचा माणूस खिंडार बुजवताना शेवटचा दगड उजवीकडे ठोकून बसवतो. तिथला शेवटचा दगड डावीकडे होता. बाबा त्यावरूनच मला रागवायचे, आठवतं? "थोरल्याचा गडगा बघ आणि आपला बघ. उलटा कुठला."

निरीक्षकाने वही काढली. "या शेतात इतकी वर्षं कोणाची गुरं चरत होती?"

कोणी बोलेना. होनरसुद्धा. आणि मग मला कळलं की त्यांना सगळ्यांना माहीत आहे. मला वाटत होतं की मी गावाला फसवतोय.

"ससे, साहेब," मार्कस म्हणाला.

निरीक्षकाने ते लिहून घेतलं. रॅबिट्स.

सगळे पुढे गेल्यावर मी मार्कसला विचारलं की तू असं का केलंस.

"तुझ्यावर प्रेम आहे म्हणून नाही," तो म्हणाला. "लॅलीच्या नि त्याच्या बायकोच्या तोंडातला घास काढला आपण. का, तर थेडीच्या जमिनीत पाऊल टाकायचं नाही म्हणून. आता सांगू का साहेबाला की पहिला बाकावरून उठला तोच आत गुरं घालत होता? मग लॅली खरा ठरतो. आणि आम्ही सगळे कोण ठरतो? या वयात मला ते झेपायचं नाही, बार्टली. तू कागद दे, शेत घे, आणि मला पुन्हा कधी त्या गडग्याजवळून नेऊ नकोस."

घरी येऊन मी डेलियाला सगळं सांगितलं.

"मला काय सांगतोस?" ती म्हणाली. "लोणी मीच काढते ना? आमच्या गवताचं लोणी पांढरं असायचं. तू आल्यापासून सहा वर्षं पांढरंच होतं. मग एका वर्षी एकदम पिवळं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"भावाचं राखतोय म्हणून तू छाती काढून चालायचास," ती म्हणाली. "या घरात तुझं म्हणून तेवढंच होतं. ते कशाला काढून घेऊ?"

असं आहे बघ. तरीही मी काल कागद घेऊन निघालो. आता लपवण्यासारखं काही नाही, तेव्हा सांगतो, मला ते शेत हवं होतं. माझ्या बापाचं शेत, ज्यात मला कोणी कोणाचा माणूस म्हणणार नाही. तू थोरला म्हणून ते तुला मिळालं आणि मला दुसऱ्याच्या चुलीपाशी जाऊन बसावं लागलं, ते मी तुला कधीच माफ केलं नव्हतं. शपथ घेताना पायरीवर हात ठेवला तेव्हाही नाही.

कचेरी धान्याच्या दुकानाच्या माडीवर आहे. वर बोळात एकच बाक, आणि त्यावर एक माणूस टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. मी चढून दमलो होतो, गुडघे दुखत होते, त्याच्याकडे नीट न बघताच बसलो. तो उठला.

फेस्टस लॅली. केस पार गेलेत.

"बस, बस," तो म्हणाला. "मी उभा राहतो."

"जागा आहे की," मी म्हणालो.

"जागा तेव्हाही होती." तो हसला बिसला नाही, रागावलाही नाही. "मला एकच कळत नाही, टॅनियन. तेव्हा तू उठलास ते मला समजलं. भावाचं शेत आहे, उठणारच. मी बायकोला घरी जाऊन म्हटलं, या माणसाला मी दोष देणार नाही, याच्या जागी मीही उठलो असतो. ऊना ऐकायला तयार नव्हती. दोन दिवस भांडलो त्यावरून. तुझी बाजू घेऊन भांडलो मी."



"कशी आहे ती?" असं शेवटी माझ्या तोंडून निघालं.

"तुम्हा लोकांत तिला परत यायचं नाही. मला म्हणाली, शेत मिळालं तरी तू एकटा जा. पण मी दावा लावला. मला फक्त लिहून हवंय कुणाकडून तरी, की आम्ही चोर नव्हतो."

शिपायाने माझं नाव पुकारलं. मी उठलो तेव्हा लॅली बाजूला सरकला, मला जायला वाट मिळावी म्हणून. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागू नये याची त्याने काळजी घेतली. मी हेच केलं होतं, तेव्हा, बाकावरून निघताना. तीच हालचाल. बघून ठेवली होती त्याने.

आत गेल्यावर निरीक्षकाने हात पुढे केला. "भावाचा कागद?"

कागद माझ्या खिशात होता, हात खिशात होता. मी त्याला म्हटलं, साहेब, तुमच्या वहीत एक शब्द चुकीचा आहे.

सगळं सांगितलं. कालवड, खिंडार, एकवीस वर्षं. शपथ मोडून जमीन वापरली ती मी. त्यानंतर लॅलीला हुसकवण्यात मी पुढे होतो, ते तुझ्या हक्काची चाड होती म्हणून नाही. तो तिथे राहिला असता तर माझं गवत गेलं असतं. तेवढंच कारण होतं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा धड नाही.

त्याने चष्मा काढून पुसला. "म्हणजे ससे नव्हते."

"नाही साहेब."

त्याने तो शब्द खोडला. मग मी जे बोललो ते पुन्हा सावकाश लिहून घेतलं आणि मला सही करायला सांगितली. मी डाव्या हाताने केली. मी म्हटलं, बाहेर एक माणूस उभा आहे, त्याला हे वाचून दाखवा. त्याने लॅलीला आत बोलावलं. मी तिथून निघून आलो, थांबायची ताकद नव्हती.

तुझा कागद सोबत परत पाठवतोय. तुझी सही फाडायला माझा हात धजला नाही, तू जाळ. यादी सप्टेंबरच्या एकोणतीस तारखेला बंद होते. त्याआधी तू आयोगाला दोन ओळी लिहायच्या की मी स्वतः येतोय. माझ्यामार्फत काही पाठवू नकोस. माझ्यामार्फत काही नको, हे तुला आता सांगायला नको.

बूट परत केले नसशील अशी आशा आहे.

मला लाज वाटते, थेडी. इतकं साधं आहे ते, आणि लिहायला एकवीस वर्षं लागली.

बार्टली


गॉर्टीन
१० ऑक्टोबर १९०९
(मार्कस ग्लिनच्या हाती)

थेडी,

हे टपालात टाकत नाही, कारण तू बोटीवर आहेस. मला ते आयोगाच्या पत्रावरून कळलं. तू त्यांना लिहिलंस, मला एक ओळ नाही. बरोबर आहे. मी वाट बघितली नाही असं म्हणणार नाही, रोज टपालवाल्यासाठी रस्त्यापर्यंत जात होतो.

लॅलीला शेत मिळालं नाही, ते तुझ्याच नावे झालं. पण निरीक्षकाने त्याला माझ्या जबानीची नक्कल दिली. ती त्याने फादरना नेऊन दिली, आणि फादरनी मिस्सेत वाचली. वाचताना माझ्याकडे बघितलं नाही एवढी दया केली. ऊना आली होती. चौदा वर्षांपूर्वी ज्या बाकावर बसली होती त्याच बाकावर बसली. कोणी उठलं नाही. होनर क्लोहर्टी तिच्याशेजारी जाऊन बसली, दोघी एकमेकींशी बोलल्या मात्र नाहीत.

माझ्या शेजारूनही कोणी उठत नाही. कोणी काही म्हणतही नाही. मीच आता मागे दारापाशी उभा राहतो, गुडघ्यांना त्रास होतो पण बसवत नाही. डेलिया आमच्या बाकावर एकटी बसते, आणि शेजारची जागा रिकामी ठेवते. सासरा परवा म्हणाला, "बार्टली कुठाय?" सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा नाव घेतलं. मी दाराआड होतो, पुढे झालो नाही.

गावाने मिळून तुझ्या घरावर छप्पर घातलं. बावीस माणसं आली होती, गवताच्या पेंढ्या पाच घरांतून आल्या. मला बोलावलं नाही. मी आमच्या शेतातून बघत होतो. छप्पर चांगलं झालंय, वायव्येचा वारा धरून जाड घातलंय. चूल मार्कसने त्याच्या घरच्या निखाऱ्यावर पेटवून ठेवली आहे आणि तो रोज दलदलीतल्या टर्फच्या वाळक्या ढेपा घालून जातो, तू येशील तेव्हा घर थंड लागायचं नाही.

एकच काम मी केलंय. चार ऑगस्टनंतर माझं एकही जनावर पलीकडे गेलेलं नाही. पण ते खिंडार मी बुजवलं नाही. पहिल्यांदा बुजवायला गेलो, दोन दगड ठेवले, आणि शेवटचा दगड कुठे जाणार ते मला आधीच दिसायला लागलं. सगळे उतरवले.

ते दगड मी तुझ्या बाजूला नेऊन ठेवलेत. मोठे आधी, मग मधले, मग सांदीत घालायचे बारके, तुझ्या उजव्या हाताला येतील अशा ओळीने. गडगा तू घाल. मी माझ्या बाजूला असेन, पण हात लावणार नाही.

बार्टली